३२० डी एम स्पोर्टची राइड आईला सोसवत नाहीये, सस्पेन्शनमध्ये नक्की काय बदलू?

पार्लेकर_डिझेल

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच विचारतोय. गाडी बीएमडब्ल्यू ३२० डी, एफ३० (३ सीरीजची ती पिढी), एम स्पोर्ट, २०१६ची. दोन वर्षांपूर्वी सेकंड हँड घेतली आणि आता ७८ हजार किमी झालेत. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, कशाबद्दलच तक्रार नाही, रविवारी सकाळी सहाला एक्स्प्रेसवेला लागलो की आठवडाभराचा शीण जातो.

प्रश्न मुंबईतल्या रोजच्या चालवण्याचा आहे. आईच्या मणक्यात गॅप आहे, आठवड्यातून दोनदा पार्ल्याहून दादरला फिजिओकडे नेतो. मागच्या सीटवर बसते, दारावरचा हँडल दोन्ही हातांनी धरून. मी आरशात बघतो तर पुढे पेव्हर ब्लॉकचा पट्टा दिसला की तिचे डोळे आधीच मिटलेले असतात. कलानगरपर्यंत पोचेस्तोवर चार-पाच वेळा तरी "हळू रे" होतं आणि मी तेव्हा वीसच्या स्पीडला असतो, अजून हळू म्हणजे काय करू तेच कळत नाही. मागच्या आठवड्यात म्हणाली की मी आपली टॅक्सीनं जात जाईन, तुझी गाडी तू चालव. ते फार लागलं.

तीन ठिकाणी विचारलं, तीन उत्तरं मिळाली. एक जण म्हणतो अॅडजस्टेबल कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा जोड) टाका, हवं तेव्हा सॉफ्ट करता येतात. दुसरा म्हणतो बिलस्टीनचे बी६ शॉकअप टाका, दुसरं काही बघूच नका. तिसरा म्हणतो नुसत्या स्प्रिंग बदला, प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दबेल तशी कडक होणारी, घ्या. बजेट दीड लाखापर्यंत ओढून ताणून होईल. गाडी विकायची नाहीये. हँडलिंग थोडं कमी झालं तरी चालेल पण गाडी बोटीसारखी डुलायला नको. कोणी ह्यातून गेलंय का?

गायमुख_रोजचा

पार्लेकर, आधी कोणालाही एक रुपया देऊ नका. मी एफ३० सहा वर्षं चालवतोय आणि रोज घोडबंदरनं जातो, गायमुखच्या पट्ट्यात पावसाळ्यात काय असतं ते ठाणेकरांना सांगायला नको, त्यामुळे तुमची व्यथा पूर्ण समजली.

मला तीन गोष्टी सांगा. टायर कुठले आणि किती जुने, हवा किती भरता, आणि धक्का नेमका कसा लागतो. ही तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे कारण "राइड हार्ड आहे" ह्या एका वाक्यात चार वेगवेगळे आजार असतात. छोट्या भेगांवर, सी लिंकच्या जॉइंटवर टक टक असं तीक्ष्ण आत येतं का? की मोठ्या खड्ड्यात धाडकन आपटल्यासारखं होतं? की खड्डा गेल्यावरसुद्धा गाडी वर-खाली होत राहते? की कुठून आवाज येतो, पाट्यावर पाटा आपटल्यासारखा? पहिलं बहुतेक टायरचं असतं, दुसरं बंप स्टॉपपर्यंत (शॉकअपवरच्या फोमच्या अडकणीपर्यंत) गाडी जाते त्याचं, तिसरं शॉकअपचं आणि चौथं बुश (सांध्यातलं रबर) नाहीतर शॉकअपच्या वरच्या माउंटिंगचं. आता तुम्ही तिसऱ्याच्या औषधावर दीड लाख घालणार आणि आजार पहिला निघाला तर आईला काहीच फरक पडणार नाही.

टायरच्या साइडवॉलवर डीओटी लिहिलेलं असतं, त्याच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ते बघून इथे टाका. आणि साइडवॉलवर आरएफटी, आरएससी असं काही, म्हणजे रनफ्लॅटची खूण, आहे का तेही बघा.

पार्लेकर_डिझेल

धन्यवाद गायमुख साहेब, खाली जाऊन मोबाइलच्या टॉर्चवर बघून आलो. चारही टायर रनफ्लॅट, पुढे २२५/४५ आर १८, मागे २५५/४० आर १८. पुढचे ३११८, मागचे ०९१९. म्हणजे २०१८ आणि २०१९चे! नक्षी शिल्लक आहे म्हणून मला वाटलं टायर चांगले आहेत. हवा पेट्रोल पंपावर भरतो, तो ३८-४० भरतो, मी कधी विचारलं नाही.

धक्का तुम्ही म्हणता तसा पहिला आणि चौथा. छोट्या भेगा, पेव्हर ब्लॉक, मॅनहोलची झाकणं हे सगळं सीटमधून थेट पाठीत येतं, आणि पुढे डावीकडून हळू स्पीडला टडक असा आवाज येतो, स्टिअरिंग वळवून सोसायटीच्या गेटच्या चढावर चढलो की हमखास.

गायमुख_रोजचा

मग निम्मं उत्तर इथेच मिळालं. रनफ्लॅटची साइडवॉल मुद्दाम जाड आणि कडक बनवलेली असते, हवा पूर्ण गेली तरी त्या भिंतीवर गाडी उभी राहून ८०च्या स्पीडनं साधारण ८० किमी जाऊ शकते. म्हणजे जो भाग दबून खड्डा गिळायला हवा तोच न दबण्यासाठी तयार केलाय. त्यात रबर सहा-सात वर्षांचं, मुंबईच्या उन्हात वाळलेलं, आणि वर ४० पीएसआय हवा. ह्या टायरवर जगातला सर्वात महाग शॉकअप लावा, टक टक तशीच राहील, कारण भेगेचा धक्का शॉकअपपर्यंत पोचायच्या आधी टायरनं सोडवायचा असतो.

ड्रायव्हरचं दार उघडा, चौकटीवर स्टिकर आहे, त्यावर कमी माणसं आणि फुल लोड असे दोन आकडे दिलेत, पुढचे वेगळे मागचे वेगळे. सकाळी गाडी थंड असताना तेवढीच भरा. फुकट उपाय आहे, उद्याच करा आणि आईला विचारा.

डोंबिवली_टर्बो

भावा कॉइलओव्हरच्या नादी लागू नको, मनापासून सांगतो. माझ्याकडे जेट्टा होती तिला मी टाकले होते, कंपनीचं नाव घेत नाही, ३२ क्लिकचं अॅडजस्टमेंट वगैरे. मला पण हेच सांगितलं होतं की सॉफ्ट करता येतात. क्लिक फिरवून फक्त शॉकअपचं डॅम्पिंग, म्हणजे हालचाल आवरायची ताकद, बदलतं, स्प्रिंग तीच राहते ना, आणि कॉइलओव्हरची स्प्रिंग कंपनीच्या स्प्रिंगपेक्षा कडकच असते कारण गाडी खाली आणायची असते. मग पूर्ण सॉफ्टवर ठेवलं की कडक स्प्रिंग आणि तिला आवरायला कोणी नाही, गाडी टणाटण उडायची, आणि हार्ड केलं की दात वाजायचे. मधला सुखाचा क्लिक मला आठ महिन्यांत सापडला नाही. कल्याण-शीळ रोडला दर स्पीडब्रेकरला पोट घासायचं, घरचे सगळे उतरायचे आणि मी रिकामी गाडी तिरकी करून काढायचो.

आणि पावसाळा. खालच्या आट्यांमध्ये चिखल जाऊन त्या अशा जाम झाल्या की उंची परत वर करायला गेलो तर पाना फिरेना. शेवटी काढून टाकले, कंपनीचे जुने शॉकअप आणि स्प्रिंग मी जपून ठेवले होते ते परत लावले. ज्या दिवशी परत लावले त्या दिवशी बायको गाडीत झोपली होती पलावापासून घरापर्यंत, एवढंच सांगतो.

मुलुंड_मेकॅनिकल

डोंबिवलीकरांनी जे भोगलंय त्याच्यामागचं कारण सांगतो, मी सस्पेन्शनच्या पार्ट्सच्याच क्षेत्रात आहे, जरा लांबेल पण वाचा कारण पैसे तुमचे आहेत.

गाडी स्प्रिंगवर म्हणजे झोपाळ्यासारखी असते, तिची स्वतःची एक लय असते. गाडीच्या वजनानं स्प्रिंग जितकी जास्त दबलेली असेल तितकी लय संथ. साधा हिशोब आहे, चाकापाशी २० सेंमी दबली तर सेकंदाला साधारण १.१ वेळा वर-खाली, १० सेंमीच दबली तर साधारण १.६ वेळा. आरामाच्या गाड्या एकच्या आसपास, स्पोर्ट सेडान दीडच्या आसपास. माणसाच्या शरीराला बसल्या जागी सगळ्यात जास्त त्रास होतो तो सेकंदाला ४ ते ८ वेळा येणाऱ्या उभ्या हादऱ्यांचा, पोट, पाठ, मणका त्याच पट्ट्यात डोलतात. त्यामुळे स्प्रिंग कडक करत गेलात की तुम्ही आईच्या पाठीला जे नको त्याच दिशेनं सरकता.

आता गाडी खाली केली की काय होतं? चाकाला वर जायला जागा कमी उरते. जागा कमी, म्हणून स्प्रिंग कडक करावीच लागते, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात गाडी बंप स्टॉपवर जाऊन बसेल. म्हणून खाली केलेली गाडी आरामदायक असते असं कोणी सांगितलं तर त्याला विचारा चाकाचा प्रवास कुठे गेला. तुमची एम स्पोर्ट आधीच साध्या एफ३०पेक्षा १० मिमीच्या आसपास खाली आहे. तिसऱ्यानं सांगितलेल्या "प्रोग्रेसिव्ह" स्प्रिंग बाजारात मिळतात त्या बहुतेक गाडी खाली करणाऱ्याच असतात. त्या विषयावर फुली मारा.

बंप स्टॉप म्हणजे शॉकअपच्या दांड्यावरचा तो फोमचा तुकडा. लोकांना वाटतं तो नुसता शेवटच्या दणक्यासाठी आहे, पण स्पोर्ट सस्पेन्शनमध्ये तो दुसऱ्या स्प्रिंगचंच काम करतो, बराच आधीपासून दबायला लागतो. जुना झाला की त्याचा भुगा होतो, अक्षरशः हातात घेतला की बिस्किटासारखा तुटतो. चार माणसं आणि डिकीत बॅगा घेऊन निघालात आणि मागे फोमच नाही, तर धातूवर धातू. हा तुकडा शॉकअपच्या मानानं अगदीच स्वस्त असतो आणि शॉकअप बदलताना नेमका हाच जुना परत लावला जातो.

शॉकअपबद्दल. बिलस्टीनमध्ये बी४ हा कंपनीच्या सेटिंगच्या जवळचा, दोन नळ्यांचा. बी६ एकाच नळीचा, आत जास्त दाबाचा गॅस, स्टॉक उंचीच्या स्प्रिंगसाठी. बी८ तोच पण आखूड, खाली केलेल्या गाडीसाठी. बी६ उत्तम शॉकअप आहे ह्यात वाद नाही, हायवेला गाडी रुळावर असल्यासारखी जाते, गरम झाला तरी ढिला पडत नाही. पण तो हळू हालचालीतही गाडीला घट्ट धरतो, आणि तुमचा प्रॉब्लेम वीसच्या स्पीडला पेव्हर ब्लॉकचा आहे. तिथे बी६ तुम्हाला अजून कडकच वाटेल. ज्यानं सुचवला तो बहुधा एकटाच गाडी चालवतो आणि जास्त करून हायवेला.

तुमच्या कामासाठी मी दोन पर्याय बघेन. एक, जो कंपनीत लागून आला त्याच प्रकारचा नवा शॉकअप, झॅक्स नाहीतर बी४. दुसरा कोनी स्पेशल अॅक्टिव्ह, पूर्वी एफएसडी नावानं यायचा. त्यात पिस्टनजवळ एक जास्तीची वाट असते, छोटे पटापट येणारे हादरे असले की ती उघडी राहते आणि तेल सहज जातं, गाडी वळणात झुकते तशी मोठी संथ हालचाल आली की दाब वाढून ती वाट बंद होते आणि शॉकअप घट्ट होतो. वायर नाही, बटण नाही, सगळं तेलाच्या दाबावर. तुम्हाला "सॉफ्ट हवं पण बोट नको" असं जे हवंय ते ह्याच्या सगळ्यात जवळ जातं. मात्र कुठलाही घेताना चासी नंबर आणि एम स्पोर्टचा सस्पेन्शन कोड टाकून पार्ट नंबर जुळवा, एफ३०मध्ये प्रकार बरेच आहेत.

पण गायमुखकर म्हणाले तेच आधी. टायर, मग बुश आणि माउंट, मग शॉकअप.

सीवूड्स_ड्रायव्हर

मुलुंड साहेब, फार छान समजावलंत, सेव्ह करून ठेवलं.

पार्लेकर, मी दोन वर्षांपूर्वी रनफ्लॅट काढून साधे ट्यूबलेस टाकले आणि त्याच वेळी १८ इंचावरून १७वर आले. कंपनीच्याच १७च्या अलॉयचा वापरलेला सेट मिळाला, चारही चाकांना २२५/५० आर १७. बाहेरचा व्यास जवळजवळ तोच राहतो, दोन-चार मिमीचा फरक, त्यामुळे स्पीडोमीटर, एबीएस कशालाच त्रास नाही. पण रबराची भिंत १०१ मिमीवरून ११२ मिमी होते आणि त्या अकरा मिमीनं गाडीचा स्वभाव बदलतो. पाम बीच रोडला पहिल्या दिवशी मला वाटलं काचा बंद आहेत म्हणून शांत वाटतंय, पण काचा उघड्या होत्या. टायर आरामाचा घ्या, मी मिशलिन प्रायमसी घेतलेत, लोड इंडेक्स ९४ किंवा वर बघा, ९४ म्हणजे एका टायरला ६७० किलो, त्याच्या खाली जाऊ नका.

एक गोष्ट मात्र गांभीर्यानं घ्या. ह्या गाडीत स्टेपनी नाही, जागाच दिलेली नाही, कारण रनफ्लॅट धरूनच डिझाइन केलंय. मला गेल्या जुलैत रात्री साडेदहाला पावसात खारघरच्या पुढे खड्ड्यात साइडवॉल कापली गेली. पंक्चर किट होतं पण साइडवॉलला दोरी लागत नाही. दीड तास फ्लॅटबेडची वाट बघत बसले, बरोबर माझी मुलगी होती. तेव्हापासून लांब जायचं असेल तर डिकीत बारीक स्टेपनी, जॅक आणि पाना बांधून नेते, शहरात कंप्रेसर आणि किट. आईंना घेऊन फिरणार असाल तर हे आधी ठरवा आणि मगच रनफ्लॅट काढा.

चेंबूर_गॅरेजवाला

मी वाचत होतो, लिहिणार नव्हतो पण एक गोष्ट कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो. बावीस वर्षं ह्याच धंद्यात आहे, जर्मन गाड्याच जास्त करतो.

बुश बदलतात सगळे पण बोल्ट कसा टाइट केला हे कोणी विचारत नाही. बुश म्हणजे काय, बाहेर एक धातूची रिंग, आत एक नळी आणि मधे रबर दोघांना चिकटलेलं. बोल्ट आवळला की आतली नळी गाडीला पक्की होते आणि आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा दांडा) वर-खाली झाला की रबर पिळलं जातं, तेवढंच त्याचं काम. आता गाडी लिफ्टवर आहे, चाकं खाली लोंबतायत, आर्म खाली झुकलेला आहे, आणि पोरानं तिथेच बोल्ट फुल टाइट केला. मग गाडी खाली उतरवली. आता आर्म वर आला पण नळी तर तिथेच जाम आहे, मग रबर ओला टॉवेल पिळतात तसं कायमचं पिळलेलं राहतं, गाडी उभी असली तरी. ते रबर सतत आर्मला खाली ढकलतं, चाक मोकळं हलत नाही, छोटा खड्डा पण कडक लागतो, आणि सहा-आठ महिन्यांत रबर फाटतं. मग गिऱ्हाईक म्हणतं पार्ट डुप्लिकेट होता. पार्ट ओरिजिनल होता साहेब, हात चुकला.

बरोबर काम असं की बोल्ट नुसता लावायचा, ढिला ठेवायचा. मग गाडी चाकांवर उतरवून, नाहीतर हबखाली जॅक देऊन चाकापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं माप कंपनीनं दिलंय तेवढं आणायचं, आणि मग टॉर्क रेंचनं आवळायचं. पिटवर नाहीतर रॅम्पवर अर्धा तास जास्त जातो म्हणून करत नाहीत. काही बोल्ट एकदाच वापरायचे असतात ते नवीनच घ्यायचे.

तुमचा टडक आवाज, स्टिअरिंग वळवून चढावर येतो म्हणता, मला शॉकअपच्या वरच्या माउंटिंगचा वाटतो, नाहीतर लिंक रॉड (गाडीचा झुकाव रोखणाऱ्या बारचा छोटा दांडा). बॉनेट उघडा, एकाला उभ्या गाडीत स्टिअरिंग हळू हळू वळवायला सांगा आणि तुम्ही माउंटिंगवर हात ठेवा, खराब असेल तर हाताला कट कट लागतं. आणि पुढच्या आर्मचा मोठा बुश आहे ना, त्याच्यात आत पातळ द्रव असतो, फाटला की बाहेर काळा ओघळ दिसतो. टॉर्च मारून बघा. शॉकअपला नुसती धूळ असेल तर ठीक, धूळ ओली चिकट होऊन बसली असेल तर तो गेला. बॉनेट दाबून गाडी किती वेळा हलते बघायचं, ते सोडा, आजच्या गाडीत शॉकअप पूर्ण मेल्याशिवाय त्यात काही कळत नाही.

डोंबिवली_टर्बो

हे बोल्टचं मला आज कळलं. माझ्या जेट्टाचे आर्म बुश वर्षात दोनदा गेले होते आणि मी पार्टवाल्याशी भांडलो होतो.

मुलुंड_मेकॅनिकल

चेंबूरकरांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे.

अजून एक, कायद्याचं. जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२बद्दल सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. स्टॉक उंचीचा त्याच जातीचा शॉकअप ही रिपेअर आहे, आणि कंपनीनं ह्याच गाडीला दिलेला १७चा साइझ ही मूळ स्पेसिफिकेशनच. गाडी खाली करणं मात्र क्लेमच्या वेळी विमा कंपनीच्या डोळ्यावर येऊ शकतं. आईसाठी करताय तर त्या वाटेला जायचं कारणच नाही.

पार्लेकर_डिझेल

मंडळी, पाच आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी, पण सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी स्टिकरप्रमाणे हवा केली. फरक लगेच कळला, खूप नाही पण दाताला दात लागायचं थांबलं. मग आमच्या इथल्या गॅरेजला गाडी लिफ्टवर घेतली आणि मी स्वतः टॉर्च घेऊन खाली उभा राहिलो. डाव्या आर्मच्या मोठ्या बुशमधून काळा ओघळ सबफ्रेमपर्यंत आलेला, अगदी चेंबूरकरांनी लिहिलंय तसा. डावं वरचं माउंटिंग गेलेलं, हात ठेवला तर कट कट. उजव्या बाजूला आर्म नवा दिसत होता, आधीच्या मालकानं बदललेला असणार, पण रबराला नळीच्या भोवती एकाच बाजूला चीर गेली होती, पिळून फाटतं तशी. मी ती चीर बोटानं उघडून बघितली आणि तेव्हा मला ते टॉवेलचं खरं समजलं.

दोन्ही आर्म, दोन्ही माउंटिंग, लिंक रॉड नवीन टाकले. गॅरेजवाल्याला मी आधीच सांगितलं की बोल्ट खाली उतरवूनच आवळायचे, जरा कुरकुरला पण केलं, मी रॅम्पपाशी बसून होतो. मग अलाइनमेंट. त्यानंतर कुर्ल्याला सीएसटी रोडवर फिरून १७चा सेट शोधला, कंपनीचाच, एका चाकाची कड किंचित वाकलेली निघाली ती बॅलन्सिंगच्या मशीनवर कळली, बदलून घेतली. २२५/५०चे प्रायमसी टाकले. डिकीत बारीक स्टेपनी आणि जॅक आहे, सीवूड्स ताई, तुमचं वाचून झाल्यावर त्याशिवाय टायर बदलायची हिंमतच झाली नसती. सगळं मिळून १ लाख १८ हजार गेले.

गेल्या मंगळवारी आईला घेऊन निघालो. सांगितलं काहीच नव्हतं. पार्ल्याच्या पेव्हर ब्लॉकवर तिनं सवयीनं हँडल धरला. कलानगरच्या सिग्नलला बघितलं तर एक हात मांडीवर होता. माहीम कॉजवेवर दोन्ही हात पर्समध्ये, फिजिओची फाइल शोधत होती, आणि मला म्हणाली अरे आज रस्ता नवीन केलाय का. मी काही बोललो नाही, मला बोलता आलं नाही.

आता राहिलेलं एक. छोटे धक्के गेल्यावर दुसरी गोष्ट समोर आली. हायवेच्या फ्लायओव्हरवरून उतरताना मोठी लाट आली की मागचा भाग दोन-अडीच वेळा वर-खाली होतो, एकदाच होऊन थांबायला हवा ना? मागचा उजवा शॉकअप ओला पण आहे. मुलुंड साहेब, फक्त मागचे दोन बदलू की चारही?

मुलुंड_मेकॅनिकल

वाचून फार आनंद झाला पार्लेकर.

शॉकअप एका अॅक्सलला नेहमी जोडीनं, हे तर नक्कीच. तुमचं ८० हजाराच्या जवळ आलंय, पुढचे अजून गळत नसले तरी तितकेच दमलेत. पैसे एकदम नसतील तर मागचे दोन आत्ता आणि पुढचे दिवाळीनंतर, काही बिघडत नाही, मात्र दोन्ही वेळेला एकाच प्रकारचे घ्या. पुढे एक आणि मागे दुसराच असं केलंत तर खड्ड्यात पुढचं मागचं वेगळं नाचेल. बंप स्टॉप आणि धुळीचं रबरी कव्हर नवीन, मागची माउंटिंगपण नवीन. आता टायरमध्ये मऊपणा आलाय त्यामुळे नुसत्या झॅक्स किंवा बी४वरसुद्धा तुम्ही खूश असाल. कोनी बजेटमध्ये बसत असेल तर तो.

चेंबूर_गॅरेजवाला

मागचा शॉकअप खालच्या बाजूला जिथे बसतो तिथे पण बुशच आहे साहेब. तो बोल्टपण खाली उतरवून.

पार्लेकर_डिझेल

झॅक्सचे मागचे दोन, बंप स्टॉप, कव्हर, माउंटिंग सगळं ऑर्डर केलं, शनिवारी येतंय. ह्या वेळी गाडी चेंबूरला तुमच्याकडेच आणतो, मेसेज केलाय. आईला पण बरोबर आणेन, तिला तिथून पुढे मावशीकडे सोडायचंय.